जुन्या कंप्युटरचा सी ड्राइव्ह साफ करताना 'परमिशन नाही' येतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपड्याला माझं कंप्युटर रिपेअरिंगचं काम आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून व्हॉट्सॲपवर स्क्रीनचे फोटो येत असतात आणि त्यातले निम्मे फोटो एकाच गोष्टीचे: सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली (म्हणजे विंडोज असलेल्या ड्राइव्हची जागा संपत आलेली), माणूस काहीतरी डिलीट करायला गेला आणि समोर 'ॲक्सेस डिनाइड'. प्रत्येकाला वेगळं टाइप करून सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, फोनवर सांगतो तशा. टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या.

१. कंप्युटर माझा, पासवर्ड माझा, मग हा परमिशन कोणाची मागतो?

अमळनेरच्या एका आप्पांनी हेच विचारलं होतं, "कंप्युटर मना शे, मंग परमिशन कोनी लागस?" प्रश्न एकदम रास्त आहे. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि सोबत कोणी वाचायचं, कोणी बदलायचं, कोणी पुसायचं याची यादी असते. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आणि शेतातून जायचा रस्ता कोणाला, या जशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत तसंच हे. २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हापासून विंडोजच्या स्वतःच्या फाइलींवर तुमचं नाव नसतं, ॲडमिनिस्ट्रेटरचंही नसतं, तिथे 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' हे नाव लागलेलं असतं. व्हायरसने किंवा आपण चुकून सिस्टम पुसू नये म्हणून ही सोय. शिवाय तुमचं खातं ॲडमिनचं असलं तरी रोजचं काम साध्या माणसाच्या हक्कानेच चालतं, पूर्ण हक्क फक्त त्या 'यस' विचारणाऱ्या खिडकीत हो म्हटल्यावर मिळतात. म्हणजे 'परमिशन नाही' हा एकच निरोप दिसतो, पण मागे कारणं चार असू शकतात: फाइल विंडोजची आहे, फाइल दुसऱ्या खात्याची आहे, फाइल आत्ता कोणीतरी वापरतंय, नाहीतर डिस्कच खराब होतेय. आधी यातलं कोणतं ते ओळखा, मगच हात लावा.

२. साफसफाईला बसण्याआधी काय काय करून ठेवू?

पहिलं काम बॅकअप. टॅलीचा डेटा, फोटो, लग्नपत्रिकांच्या फाइली, शेतीचे कागद स्कॅन केलेले, जे परत मिळणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिथून एक-दोन फाइली उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून समाधान मानू नका. दुसरं, कंप्युटर एकदा रीस्टार्ट करा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. तिसरं, सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून तुमच्या नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिलंय का ते बघा. आणि आपल्याकडे लाइटीचा भरोसा नाही, साफसफाई अर्ध्यात असताना लाइट गेली तर जुन्या हार्डडिस्कची फाइल सिस्टम बिघडू शकते, त्यामुळे यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळून बसा.

३. सगळ्यात सुरक्षित पद्धत कोणती? मला कमांड वगैरे नको.

डिस्क क्लीनअप. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप, आणि तिथे खाली 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' हे बटण आहे ते दाबा. खूप लोक हे बटण दाबतच नाहीत आणि मग म्हणतात फक्त शंभर एमबी मोकळे झाले. ते दाबलं की हाच प्रोग्राम पूर्ण हक्काने परत उघडतो आणि हाताने जे पुसायला गेल्यावर परमिशन मागत होता तेच इथे विनातक्रार पुसलं जातं. एक सावधगिरी: विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत या यादीत 'डाउनलोड्स' पण येतं, तिथली टिक काढा. कितीतरी लोकांचे एकुलते एक पीडीएफ तिथेच पडलेले असतात.

४. टेम्प फोल्डर साफ करताना काही फाइली जातच नाहीत, जबरदस्ती करू का?

नको. टेम्प म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, ज्या जात नाहीत त्या आत्ता चालू असलेल्या प्रोग्रामच्या आहेत, 'स्किप' दाबा आणि पुढे चला. राहिलेल्या काही एमबीने काही बिघडत नाही.

५. "फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे" म्हणतो, पण मी तर सगळं बंद केलंय.

हा परमिशनचा प्रश्नच नाही, त्यामुळे मालकी बदलून काही होणार नाही. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा, सीपीयू टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स' आहे, तिथल्या शोधायच्या जागेत फाइलीचं नाव टाका, कोणत्या प्रोग्रामने धरून ठेवलीय ते दिसतं. बहुतेक वेळा अँटीव्हायरस असतो, प्रिंटरचा काहीतरी मागे चालणारा प्रोग्राम असतो, नाहीतर एक्सप्लोररच असतो कारण त्याने उजवीकडे प्रिव्ह्यू उघडून ठेवलाय. कळलं तर तो प्रोग्राम नीट बंद करा. नाहीच सुटली तर सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरतं विंडोज चालतं ती पद्धत) जा: विंडोज ७ मध्ये चालू होताना एफ ८, आणि ८ किंवा १० मध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट. तिथे बाहेरचे प्रोग्राम चालू होत नाहीत.

६. फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' विचारतो, ते दाबलं तर काय होतं?

हे कोणी सांगत नाही म्हणून नीट लिहितो. लोकांना वाटतं कंटिन्यू म्हणजे एकदा आत जाऊ दिलं. तसं नाहीये. ते दाबलं की विंडोज तुमच्या खात्याचं नाव त्या फोल्डरच्या परवानगीच्या यादीत वाचायच्या हक्कासकट कायमचं घालून टाकतं, बाहेर आल्यावर ते निघत नाही. आपल्या स्वतःच्या जुन्या फोल्डरला चालेल. दुसऱ्या खात्याच्या फोल्डरवर विचार करून दाबा, घरातल्या कंप्युटरवर मुलीचं वेगळं खातं असेल तर तिच्या फोल्डरची यादी तुम्ही बदलताय हे लक्षात ठेवा. आणि विंडोज फोल्डरच्या आत नुसतं बघायला म्हणून दाबत सुटू नका.

७. 'विंडोज डॉट ओल्ड' वीसेक जीबी खाऊन बसलंय आणि डिलीट होत नाही.

ते तुमचं आधीचं विंडोज आहे, अपग्रेड केल्यावर परत जाता यावं म्हणून ठेवलेलं. आतल्या फाइलींवर ट्रस्टेड इन्स्टॉलर आणि जुन्या खात्यांची नावं आहेत म्हणून हाताने जात नाही. विंडोज १० अपग्रेड केलेलं असेल तर साधारण १० दिवसांनी ते आपोआप जातं. घाई असेल तर प्र. ३ च्या पद्धतीने जा आणि 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' वर टिक करा. पण त्याआधी त्याच्या आत 'यूझर्स' फोल्डर उघडून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बघून घ्या. कोणी घाईत नवीन विंडोज टाकून दिलं असेल तर जुने फोटो तिथेच अडकलेले असतात, पुसल्यावर रडून उपयोग नाही.

८. 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' मधलं पुसलं तर चालतं म्हणतात, पण ॲक्सेस डिनाइड येतं.

चालतं, ते विंडोजने उतरवलेल्या अपडेटचं फोल्डर आहे, फक्त आधी सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) थांबवायला लागते. रनमध्ये 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाका, 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन्ही 'स्टॉप' करा, मग त्या फोल्डरच्या आतल्या 'डाउनलोड' मधलं सगळं पुसा, फोल्डर राहू द्या. झालं की दोन्ही सर्व्हिस परत चालू करा, हे शेवटचं विसरू नका.

९. 'विन-एस-एक्स-एस' आणि 'इन्स्टॉलर' फोल्डर खूप मोठे दिसतात, मालकी घेऊन उडवू का?

अजिबात नाही. विन-एस-एक्स-एस दिसतं त्यापेक्षा प्रत्यक्षात लहान असतं, कारण त्यातल्या पुष्कळ फाइली आणि सिस्टम ३२ (विंडोजचं मुख्य फोल्डर) मधल्या फाइली म्हणजे एकाच मालाला दोन नावं आहेत, एक्सप्लोरर दोन्हीकडे मोजतो. ते कमी करायचा सरळ रस्ता म्हणजे ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची काळी खिडकी, पूर्ण हक्काने उघडलेली) 'डिझम (डी आय एस एम), स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश स्टार्टकंपोनंटक्लीनअप'. ही कमांड विंडोज ८ पासून आहे. विंडोज ७ मध्ये सर्व्हिस पॅक १ आणि २०१३ चं एक अपडेट असेल तर डिस्क क्लीनअपमध्येच 'विंडोज अपडेट क्लीनअप' दिसतं. जुन्या मशीनवर तासभर लागू शकतो, अडकलं समजून बंद करू नका. 'इन्स्टॉलर' फोल्डरला तर हातच नको, त्यातल्या फाइली गेल्या की ऑफिससारखे प्रोग्राम अपडेटही होत नाहीत आणि काढताही येत नाहीत.

१०. मग मालकी आणि हक्क घ्यायच्या 'टेकओन' आणि 'आयकॅकल्स' या कमांड कधी वापरायच्या आणि कशा?

फाइल विंडोजची नाही, उघडी नाही, डिस्क धड आहे, आणि फोल्डर तुमचंच आहे पण नाव दुसऱ्याचं लागलंय, एवढं सगळं जुळलं तरच. जुन्या हार्डडिस्कवरचं फोल्डर हे त्याचं नेहमीचं उदाहरण, प्र. ११ बघा.

यात दोन पावलं आहेत आणि लोक एकच करून थांबतात. पहिलं टेकओन: 'टेकओन, स्लॅश एफ, फोल्डरचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात, स्लॅश आर, स्लॅश डी वाय'. याने फक्त सातबाऱ्यावर नाव लागतं, फाटकाची चावी अजून मिळालेली नसते. चावीसाठी दुसरं: 'आयकॅकल्स (आय सी ए सी एल एस), तोच पत्ता अवतरणात, स्लॅश ग्रँट, ॲडमिनिस्ट्रेटर्स कोलन एफ, स्लॅश टी'. एफ म्हणजे पूर्ण हक्क, टी म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांना. दोन्ही कमांड ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्येच चालतात. काळ्या खिडकीच्या वर 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर पुन्हा तोच निरोप.

पत्ता टाइप करून झाला की एंटरवरचा हात उचला आणि पत्ता एकदा मोठ्याने वाचा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल आणि अवतरण विसरलात तर कमांड भलतीकडे जाऊ शकते. मी गिऱ्हाइकासमोर बसलेलो असलो तरी मोठ्यानेच वाचतो.

११. जुन्या कंप्युटरची हार्डडिस्क नव्याला लावली, तर 'एस-१-५-२१' असा लांबलचक आकडा लिहून परमिशन मागतो.

परवा धरणगावच्या एका डीटीपीवाल्या भावाची डिस्क आली होती. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब उघडला तर नावांच्या यादीत पहिलीच ओळ 'अकाउंट अननोन', शेजारी प्रश्नचिन्हाचं चित्र आणि पुढे तो आकडा. तो आकडा म्हणजे जुन्या कंप्युटरवरचं त्यांचंच खातं. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, या आकड्याने ओळखतं, आणि नव्या मशीनवर तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी आकडा नवीनच मिळतो. म्हणून स्वतःच्याच फायलींना तुम्ही परके. इथे प्र. १० ची दोन पावलं बिनधास्त करा, पण फक्त तुमच्या कामाच्या फोल्डरवर, पूर्ण डिस्कवर नाही.

त्याचं एक कारण असं की त्या जुन्या डिस्कवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाची जी वस्तू दिसते (प्र. १३) तिच्यावर सी ड्राइव्हचा पत्ता लिहिलेला असतो. जुनी डिस्क आता ई ड्राइव्ह म्हणून लागलीय, पण ती पाटी अजून सी कडेच बोट दाखवते, म्हणजे तुमच्या चालू कंप्युटरच्या यूझर्सकडे. आंधळेपणाने सगळ्यावर कमांड चालवली की नुकसान इकडच्या मशीनचं होऊ शकतं.

१२. मालकी मिळाली, हक्कही मिळाला, तरी फाइल उघडत नाही. नावं हिरवी दिसतात.

हिरवं नाव किंवा चित्रावर छोटं कुलूप म्हणजे फाइल एन्क्रिप्ट केलेली (आतून कुलूपबंद) आहे. इथे मालकीचा काही संबंध उरत नाही, जुन्या खात्याचं सर्टिफिकेट (त्या कुलपाची चावी) लागतं. जुनं विंडोज अजून चालू होत असेल तर तिकडे जुन्याच खात्याने लॉगिन करून एन्क्रिप्शन काढा किंवा सर्टिफिकेट एक्स्पोर्ट करा. जुनं विंडोज फॉरमॅट झालं असेल आणि सर्टिफिकेट कुठे ठेवलं नसेल तर त्या फाइली गेल्या, हे मला लोकांना सांगायला फार जड जातं पण खोटी आशा देऊन पैसे घेणं त्याहून वाईट. पूर्ण ड्राइव्हलाच कुलूप दिसत असेल तर ते बिटलॉकर (पूर्ण ड्राइव्ह कुलूपबंद करायची विंडोजची सोय), त्याची ४८ आकडी रिकव्हरी की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

१३. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' वर क्लिक केलं तर ॲक्सेस डिनाइड, व्हायरस आहे का?

नाही. ते फोल्डरच नाही, एक्सपीच्या काळातले प्रोग्राम चालावेत म्हणून लावलेली पाटी आहे, खरा माल 'यूझर्स' मध्ये. जागा खात नाही, राहू द्या.

१४. 'हायबरफिल', 'पेजफाइल' आणि 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या तिघांनी बरीच जागा खाल्लीय.

तिघांनाही हाताने पुसता येत नाही, पण तिघांचाही सरळ रस्ता आहे. हायबरफिल (कंप्युटर हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम जपून बंद करताना लागणारी फाइल) साठी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ'. विंडोज १० मध्ये ही फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते, त्यामुळे ८ जीबी रॅमवर ३ जीबीच्या वर लगेच सुटतात, मात्र हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप (कंप्युटर पटकन चालू व्हायची सोय) दोन्ही बंद होतं. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये रिस्टोर पॉइंट (विंडोज आधीच्या तारखेला नेता यावं म्हणून ठेवलेल्या नोंदी) असतात, 'सिस्टम प्रोटेक्शन' मध्ये 'कॉन्फिगर' दाबून त्याची जागा कमी करा, पूर्ण बंद करू नका, प्र. १६ वाचलं की का ते कळेल. पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) तशीच ठेवा, जुन्या कमी रॅमच्या मशीनला तिचाच आधार असतो.

१५. फाँट फोल्डर साफ करायचंय, शेकडो मराठी फाँट झालेत, काही डिलीट होत नाहीत.

डीटीपीवाल्यांचा ठरलेला प्रश्न. जे जात नाहीत ते विंडोजचे स्वतःचे आहेत, ते सोडून द्या. विशेषतः 'निर्मला यूआय', विंडोज ८ पासून स्क्रीनवरचं मराठी त्याच्यावरच दिसतं. बाकी जुने फाँट काढायच्या आधी कॉपी करून ठेवा, पाच वर्षांपूर्वीच्या पत्रिकेची फाइल उघडली आणि तो फाँट नसला की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. आणि खरं सांगायचं तर फाँटमुळे जागा फार जात नाही, कंप्युटर चालू व्हायला मात्र वेळ लागतो.

१६. एक व्हिडिओ बघून मी पूर्ण सी ड्राइव्हची मालकी घेतली, आता स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट होत नाही.

असे फोन महिन्याला एखाद-दुसरा येतोच आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण माणसाने कंप्युटर सुधारावा म्हणूनच केलेलं असतं. झालं असं की ज्या सर्व्हिस ट्रस्टेड इन्स्टॉलरच्या आणि सिस्टमच्या नावाने चालायच्या त्यांची नावं यादीतून विस्कटली. मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत एका शाळामास्तरांच्या पीसीवर हेच केलं होतं, दोन दिवस एकेक परमिशन परत लावत बसलो आणि शेवटी विंडोज नवीनच टाकावं लागलं. त्यामुळे हाताने दुरुस्त करत बसू नका. आधी डेटा बाहेर काढा. मग सिस्टम रिस्टोरने ती कमांड चालवायच्या आधीच्या तारखेला जाऊन बघा. नाही जमलं तर विंडोजच्या सेटअपमधून 'कीप फाइल्स अँड ॲप्स' ठेवून त्याच्यावरच परत इन्स्टॉल करा. 'एसएफसी, स्लॅश स्कॅननाऊ' ही कमांड बिघडलेल्या फाइली बदलतं, पण पूर्ण ड्राइव्हच्या परमिशन त्याने जागेवर येतील या भरवशावर राहू नका.

१७. एकच फाइल आहे, मालक मी, उघडी नाही, तरी जात नाही.

नाव बघा. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल, किंवा नाव 'कॉन' (सी ओ एन), 'ऑक्स' (ए यू एक्स), 'नल' (एन यू एल) असं असेल तर एक्सप्लोररला ती पुसता येत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डेल' लिहून पत्त्याच्या आधी दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि एक बॅकस्लॅश लावा, पूर्ण पत्ता अवतरणात, मग जाते. फोल्डरात फोल्डर करत पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला असेल तर वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा आणि मग पुसा. रीसायकल बिनच बिघडलंय असं म्हणत असेल तर 'आरडी, स्लॅश एस, स्लॅश क्यू, सी कोलन बॅकस्लॅश डॉलर रीसायकल डॉट बिन', विंडोज ते परत कोरं बनवतं. त्याआधी बिनमधून काही परत घ्यायचंय का बघा, नंतर मिळणार नाही.

१८. आधी एका फाइलीवर यायचं, आता कुठेही यायला लागलंय, मधेच कंप्युटर गोठतो पण.

हे वाचताना कंप्युटरला हात लावणं थांबवा. परमिशनचा प्रश्न जागा बदलत फिरत नाही, डिस्क मरायला लागली की फिरतो. 'इव्हेंट व्ह्यूअर' मध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टम उघडा, तिथे 'डिस्क' नावाने इव्हेंट ७ असेल तर बॅड ब्लॉक (डिस्कचा खराब तुकडा) पडलाय, 'एनटीएफएस' नावाने ५५ असेल तर फाइल सिस्टम बिघडलीय. टक टक आवाज येत असेल तर मग काही तपासायचं पण नाही, फक्त बॅकअप. लोक इथे 'चेकडिस्क स्लॅश आर' (डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड, टाइप करताना सीएचकेडीएसके) लावून झोपायला जातात, मरणाऱ्या डिस्कला ते रात्रभर पळवणं म्हणजे उरलंसुरलं पण घालवणं. आधी डेटा, मग चेकडिस्क. गरमी आणि धुळीचाही यात हात असतो: मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या दुकानात पीसीचा पंखा कापसाच्या धुळीने बसलेला असतो, जिनिंगच्या आसपासची मशीन मी उघडतो तेव्हा आतून अक्षरशः गादीचा थर निघतो. वर्षातून दोनदा तरी ब्लोअर मारा.

१९. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून पुसलं तर परमिशन विचारत नाही म्हणे?

खरं आहे, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टम) सहसा विंडोजची परवानगीची यादी मानत नाही. डेटा वाचवायला हा उत्तम मार्ग, मी स्वतः वापरतो. पुसायला मात्र फार जपून, कारण सिस्टम ३२ पण तो तितक्याच शांतपणे पुसेल. ड्राइव्ह 'रीड-ओन्ली' उघडला तर विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपलेलं आहे, परत विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट धरून शटडाउन करा.

२०. शाळेचा, बँकेचा, नाहीतर सेवा केंद्राचा पीसी आहे, ॲडमिन पासवर्ड माझ्याकडे नाही.

मग वरचं काहीच करू नका, ज्याच्याकडे मशीनची जबाबदारी आहे त्याला सांगा. पासवर्ड तोडायची विनंती मी घेत नाही. तुमच्या स्वतःच्या खात्यातलं डाउनलोड्स, टेम्प आणि रीसायकल बिन विनापरवानगी साफ होतं, तेवढं करा.

२१. एवढं करून विंडोज ७ किंवा १० वरच राहू का?

विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. ७ वर ऑनलाइन बँकिंग करू नका, एवढं मी हात जोडून सांगतो. मशीनवर विंडोज ११ चालत नसेल आणि काम फक्त टायपिंग, इंटरनेट, प्रिंट एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा, आधी पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर ओळखतोय का ते तपासा. आणि सी ड्राइव्ह दर दोन महिन्यांनी लाल होत असेल तर एक २५६ जीबीची एसएसडी बसवून घ्या, जुनी हार्डडिस्क दुसऱ्या जागी तशीच ठेवा, तिच्यावरच्या फोल्डरांसाठी प्र. ११.